दत्तारामच्या पेटीतली फवारणी

माणूस फार गरीब तोंड करून उभा राहिला की मला आधी संशय येतो. दत्ताराम तसाच. साठीचा, कसालजवळ आंब्याची कलमं राखणारा. पाच वर्षांत औषधाचा थेंब मारलेला नाही, असं सांगायचा. म्हणून आमची बागायतदार संस्था त्याच्या पेट्यांवर 'विषमुक्त' शिक्का मारायची.

संस्थेचा जावा प्रोग्राम मी लिहिलेला, या सँड्रीनाने. सोपा आहे. पेटीच्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या तिच्या कप्प्यात, बाग; बागेच्या पोटात फवारणीची नोंद. पेटीला विचारायचं बाग कुठली, बागेला विचारायचं फवारणी कधी. एकेक डॉट देत आत शिरायचं. एप्रिलमध्ये प्रोग्राममध्ये दत्तारामची पेटी उघडली, तर आत आठ दिवसांपूर्वीची फवारणी!

"मारूक नाय गो बाय, आवशीची शपथ," तो म्हणाला.

"मग काय भुतानं मारली?" मी सगळ्यांदेखत ओरडले. चोर तो चोर, वर शिरजोर! मी शिक्का थांबवला. चौकशीत दत्ताराम खोटा ठरला, तर शिक्का कायमचा जाणार होता.

आठवड्याने मी न सांगता त्याच्या बागेत थडकले. पुरावाच हवा होता मला. पंप शोधला, रिकाम्या बाटल्या शोधल्या, मांगरामागचा, बागेतल्या खोपीमागचा, पालासुद्धा उकरला. काही नाही. बागेच्या मधोमध मात्र एक दगडी गडगा, बुटकी कुंपणभिंत, होता.

"ह्यो गडगो कित्याक?" मी दरडावलं.

"वरची कलमां माझी, खालची धाकट्या भावाची, गंगारामाची. बापाशीन तोंडी वाटून दिल्यान. सातबारो अजून एकच आसा."

"गंगाराम फवारणी करता?"

"दर वर्साक."

गंगारामही आमच्याच संस्थेत आंबा घालायचा. एक सातबारा बघून मी दोघांसाठी बागेचा एकच ऑब्जेक्ट बनवला होता. दोघांच्या पेट्या त्या एकाच बागेला जोडलेल्या. गंगारामची नोंद त्या बागेत पडली आणि दत्तारामच्या पेटीतूनही दिसली. सातबारा एक म्हणजे बाग एक, हे ठरवलं कोणी? मी. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. मोठी शहाणी!

"दादा, चूक माझी," मी म्हटलं. लाजेने मान वर होईना. "आजच दोघांच्या बागा वेगळ्या करतंय. उद्या शिक्को मिळतलो."

दत्ताराम हसला नाही, रागावलाही नाही.

"माका नको सांगू," तो म्हणाला. "घराक चल, माझ्या बायलेक सांग. आठ दीस झाले, बागेतसून इलंय काय लक्ष्मी माझ्या हातांचो वास घेता."