शेवटचा माणूस जेवेपर्यंत

अकोल्यात रेल्वेलाइनीच्या पलीकडे एक बंद जिनिंग फॅक्टरी आहे. तिथे आता कापसाऐवजी वराती येतात. सागवानी कैच्यांवर तोललेल्या पत्र्याच्या छपराखाली नवरा-नवरीचा मंच लागतो, सरकीच्या कोठारात नवरीची तयारी होते, आणि जिथे गाठी रचल्या जायच्या त्या लांबलचक ओट्यावर पंगती बसतात. ही जागा इंदूबाई तायडे चालवतात. वऱ्हाडात मंडप, सतरंज्या, भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. तसे एक केंद्र त्यांचे आणि त्यांचे पती संघपाल यांचे आहे. पण इंदूबाईंचे नाव झाले ते जागांमुळे. अमरावतीतल्या बंद टॉकीजमध्ये पडद्यासमोर लागलेले लग्न, परतवाडा रस्त्यावरच्या जुन्या लाकूडवखारीतले लग्न, चिखलदऱ्याला कॉफीच्या झाडांमधले लग्न, ही सगळी त्यांचीच. मंगल कार्यालयांना कंटाळलेली शहरातली मुले-मुली त्यांचा नंबर शोधत येतात.

बंद पडलेल्या जिनिंगांची माहिती गोळा करताना मी त्यांच्याकडे पोचलो. इमारतीविषयी विचारले तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिले. पंगतीविषयी विचारले तेव्हा मात्र त्या खुर्ची ओढून बसल्या.

त्यांच्या कोणत्याही जागेवर बुफे नव्हता. पंगतच बसवायची, ही त्यांची पहिली अट. दुसरी अट फाटकावर रंगवून ठेवली होती: पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय कोणीही उठणार नाही. तिसरी अट अशी की प्रत्येक पंगतीत एक पत्रावळ ‘जागेच्या पाहुण्या’ची राहील, आणि तिच्यावर कोण बसेल ते इंदूबाई ठरवतील. बहुधा तिथे जिनिंगमधला एखादा म्हातारा कामगार बसे. ग्राहकांना हे सगळे फार आवडायचे. त्यावर कोणीतरी ‘हरवलेला जिव्हाळा’ अशा मथळ्याखाली लिहिलेही होते. तो मजकूर इंदूबाईंनी मला मोबाईलवर दाखवला आणि म्हणाल्या, “जिव्हाळा कायचा. बुफेत कोनाले बसवता येते का?”

कोणाला बसवायचे आहे, असे मी विचारले.

“नत्थुजीले,” त्या म्हणाल्या.

नत्थुजी गावंडे हे शहरातल्या रुख्मिणी सभागृहाचे मालक. सभागृहाला त्यांच्या पत्नीचे नाव आहे. एके काळी लग्नसराईत तिथली तारीख मिळणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात इंदूबाईंनी धाकट्या बहिणीच्या, पिंकीच्या लग्नासाठी ते घेतले. वडील नव्हते, घरातली कर्ती मोठी बहीणच. संघपाल तेव्हा दुसऱ्याच्या बिछायत केंद्रावर टेम्पो चालवत. त्रिशरण-पंचशील झाले, मंगलगाथा झाल्या, पिंकीचे लग्न लागले. मुलाकडच्या मंडळींची पंगत बसली. नवरदेवाचे वडील धर्मपाल डोंगरे, हिवरखेडचे शिक्षक, पंगतीच्या सुरुवातीला होते. त्यांनी पहिली पोळी मोडली होती.

त्यापुढचे इंदूबाईंचे म्हणणे असे. संध्याकाळची पार्टी मोठ्या घरची होती आणि ती लवकर आली. नत्थुजींनी पंखे आणि दिवे बंद करायला लावले. त्यांची माणसे सतरंजीची टोके उचलू लागली. नत्थुजी पंगतीच्या मधून टाळ्या वाजवत चालत गेले: “चला, उठा आता. उठा.”

नत्थुजींचे म्हणणे मी वेगळे जाऊन ऐकले. त्यांच्या मते वेळ संपली होती, वीज आपोआप गेली होती आणि त्यांनी केवळ विनंती केली होती. लग्नाची सीडी पिंकीकडे आहे. तीही मी पाहिली. पंगत दिसते, पंख्याची पाती मंदावताना दिसतात, मग अंधार होतो आणि चित्रण संपते. म्हणजे वीज गेली हे दोघांचे खरे; ती घालवली की गेली, हे त्यातून सिद्ध होत नाही. मात्र नत्थुजींना मी एक साधा प्रश्न विचारला होता: सभागृहाच्या एवढ्या वर्षांत वेळ संपली म्हणून दुसऱ्या कोणाची पंगत मधूनच उठवली होती का? ते म्हणाले, “बाकीचे लोक टायमावर उठत, बुवा.”

माणसाला ताटावरून उठवणे याचा वऱ्हाडात अर्थ काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. धर्मपाल यांनी हात धुतला आणि ते बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. पिंकीची पाठवणी होताना इंदूबाईंना म्हणाले, “पोरगी नेतो बाई. तिले काही कमी पडनार नाही. पन तुमच्या घरचं अन्न आता माया घरातला कोनी खानार नाही. मानसं उठवल्या जातात तिथं, अन् तुमी पाहात रायता.”

त्यांनी शब्द पाळला. पिंकीला सासरी त्रास नव्हता. ती माहेरी यायची, पण मुलांसाठी हिवरखेडहून डबा घेऊन यायची. मावशीच्या घरी मावशीने रांधलेले समोर असताना पोरे डबा उघडून खात. इंदूबाई म्हणतात, “तो डबा मी घासून देवो. इतकंच माया हाती होतं.”

ज्याने अपमान केला तो नत्थुजी मजेत, आणि तो सोसणारी दोन्ही घरे एकमेकांना तोडून बसलेली. हे त्यांना सहन होईना. धर्मपाल यांच्यावर त्यांचा राग नव्हता. राग एकाच ठिकाणी साठला आणि तिथेच मुरला.

नवऱ्याच्या मालकाकडून त्यांनी जुन्या सतरंज्या विकत घेतल्या. रुख्मिणी सभागृहाची तारीख ज्यांना मिळाली नाही त्यांच्याकडे त्या जात आणि म्हणत, कार्यालय कायले पाहिजे, जागा मी देतो. पहिले लग्न वखारीत लावले, कारण दुसरे काही मिळेना. लाकडांच्या थप्प्यांवर दिवे लावले. फोटो फिरले. मग त्यांना कळले की पैसेवाल्यांनाही नवे काहीतरी हवे आहे, आणि पैसेवालेच तर नत्थुजींचे गिऱ्हाईक. तेव्हापासून त्यांनी जागा निवडल्या त्या एकाच कसोटीवर: नत्थुजींचे गिऱ्हाईक कुठे वळेल. संघपाल मला म्हणाले, “लोकं बायकोले फुलं नेऊन देतात. मी इले बंद पडलेल्या बिल्डिंगा दाखवो.”

सभागृह हळूहळू ओस पडले. आता तिथे बहुधा कपड्यांचे सेल लागतात. माझ्या मते याला लॉन आणि रिसॉर्टही तितकेच कारणीभूत आहेत. सगळे श्रेय इंदूबाईंना देता येणार नाही. हे मी त्यांना बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, “असू दे. माया हिशोब धंद्याचा नाहीच. मले तो मानूस पंगतीत पाहिजे.”

तो माणूस पंगतीत आला तो नातीमुळे. प्रणाली गावंडे पुण्यात इमारतींचे आराखडे करते. तिला आजोबांच्या सभागृहात लग्न करायचे नव्हते. तिला जिनिंगचे छप्पर हवे होते. तिने फोटो पाहून स्वतःच फोन केला, असे इंदूबाई सांगतात. तिचा साखरपुडा झाल्याचे कळताच इंदूबाईंनीच ते फोटो तिच्यापर्यंत पोचतील अशी सोय केली, असे संघपाल सांगतात. खरे काय ते मला ठरवता आले नाही. पिंकीच्या लग्नावेळी प्रणाली लहान होती, तिला जुने काहीच माहीत नव्हते. शेवटच्या माणसाची अट तिला इतकी भावली की तिने ती लग्नपत्रिकेवर छापून घेतली. त्याच पत्रिकेवर निमंत्रक म्हणून नत्थुजींचे नाव होते.

मग इंदूबाई हिवरखेडला गेल्या. पिंकीप्रमाणेच त्या धर्मपाल यांना मामाजी म्हणतात. तिथले बोलणे पिंकीने मला सांगितले, आणि नंतर धर्मपाल यांनी त्याला दुजोरा दिला.

“मामाजी, अकोल्याले जेवाले या.”

“तुया घरचं मी खात नाही, मालूम हाय तुले. अन् एवढ्या लांब येऊन पुन्हा तेच इचारतं?”

“माया घरचं नाही. जेवन नत्थुजी गावंड्याच्या घरचं हाय. त्याच्या नातीचं लगन हाय.”

“मंग त्याच्या घरचं मी कायले खाऊ?”

“तुमचं ताट त्याच्याकडं अर्धं रायलं हाय. ते पुरं करा.”

धर्मपाल यांनी चष्मा काढून पुसला. पिंकी म्हणते, तेव्हाच तिला समजले की ते जाणार. तिने ताईला बाजूला घेतले. “काहून उकरून काढतं ताई? मी सुखात हाय.”

“तू हाय,” इंदूबाई म्हणाल्या. “मी नाही.”

लग्नाच्या दिवशी मी जिनिंगमध्ये होतो. जुन्या दारांचे फोटो काढायचे होते. दुपारी वडीलधाऱ्यांची पंगत बसली तेव्हा इंदूबाईंनी मलाही टोकाला बसवले. जागा कोणाची आहे हे नत्थुजींना ठाऊक होते, त्यामुळे आले ते सावध होते. त्यांनी दाराजवळची जागा धरली आणि मुलाला बाजूला उभे ठेवले. आपल्याला उठवले जाईल अशी त्यांची खात्री होती; तसे झाले तर मान ताठ ठेवून कसे निघायचे हे त्यांनी ठरवून ठेवले होते. हे त्यांनीच मला पुढे सांगितले. या एका अंदाजापायी त्यांनी दुसरा विचारच केला नाही.

समोरच्या रांगेत, अगदी त्यांच्यापुढे, जागेच्या पाहुण्याच्या पत्रावळीवर पांढऱ्या शर्टातले धर्मपाल येऊन बसले. नत्थुजींनी त्यांना लगेच ओळखले की नाही, सांगता येणार नाही. त्यांचा हात मात्र द्रोणाजवळ थांबला.

“आजोबा, तुमच्यासाठी खुर्ची आणू?” प्रणालीने विचारले. त्यांचे गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

नत्थुजींनी समोर पाहिले. साधारण त्यांच्याच वयाचे धर्मपाल खाली मांडी घालून बसले होते.

“नोको,” ते म्हणाले. “बसतो मी.”

वाढायला इंदूबाई स्वतः आल्या. आलू-वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी, मठ्ठा. नत्थुजींच्या पत्रावळीवर त्यांनी नीट, भरपूर वाढले. “जेवा जी आरामानं. इथं कोनी कोनाले उठवत नाही.”

पंगत सुरू झाली. लोक जेवले, गप्पा झाल्या, बुंदी दुसऱ्यांदा फिरली. हळूहळू हात थांबले. एकट्या धर्मपाल यांचे जेवण चालू होते. ते पोळीचा छोटा तुकडा मोडत, वरणात बुडवत, सावकाश चावत.

“बाई, थोडं वरन वाढ.”

इंदूबाईंनी वाढले.

“भात हाय का?”

“हाय ना, मामाजी.”

प्रणालीचे सासरे तिवश्याचे, मोकळ्या स्वभावाचे. ते मोठ्याने हसून म्हणाले, “गुरुजी, तुमच्यापायी आमी सारे इथंच मुक्काम करतो वाटते.”

“पत्रिकेवरच लेहलं हाय तसं,” धर्मपाल म्हणाले. “आमी कायद्यानं चालतो.”

सगळी पंगत हसली. नत्थुजी हसले नाहीत. त्यांनी एक पाय लांब केला, पुन्हा आवळला. हात जमिनीवर टेकला. त्यांचा मुलगा वाकून कानाशी म्हणाला, “बाबा, उठता का?” समोर व्याही होते, नात कौतुकाने फोटो काढत होती, आणि अट खुद्द त्यांच्या नावाच्या पत्रिकेवर छापलेली. नत्थुजींनी नकारार्थी मान हलवली. कपाळावर घाम होता. डोक्यावर पंखा पुऱ्या वेगात फिरत होता. तो एकदाही मंदावला नाही.

धर्मपाल यांनी भात संपवला. मठ्ठा मागितला, प्यायले. मग बुंदीचा एकेक दाणा वेचून खाल्ला. इंदूबाई हातात पातेले घेऊन त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या संपूर्ण वेळ नत्थुजींकडेच पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती. माझ्या टिपणात ते तसेच नोंदले आहे. आज ते सौम्य करण्याचे मला कारण दिसत नाही.

शेवटी पत्रावळ स्वच्छ झाली. धर्मपाल यांनी ती घडी घातली, समोर पाहिले आणि वर्गात बोलावे तशा आवाजात म्हणाले, “झालं माझं, नत्थुजी. चला, उठा आता.”

नत्थुजींना उठता आले नाही. पाय बधिर झाले होते. मुलाने आणि व्याह्यांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभे केले. इंदूबाईंनी पातेले खाली ठेवले नाही.

पुढे मी नत्थुजींना भेटलो तेव्हा आपला चुकलेला अंदाज सोडला तर त्यांनी त्या दुपारविषयी एवढेच सांगितले की गुडघे धरले होते. जुन्या प्रसंगाविषयी त्यांचे म्हणणे तेच राहिले. त्यांना पश्चात्ताप झाला, असे लिहायला माझ्याकडे आधार नाही. इंदूबाईंना तो हवाही नव्हता. “माफी मांगली असती तं मले माफ करा लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं, नाही मांगली.”

बुद्धपौर्णिमेला धर्मपाल हिवरखेडहून सुनेला आणि नातवंडांना घेऊन इंदूबाईंच्या घरी आले. खीर घेतली, दुसरी वाटीही मागितली. पिंकीच्या हातात डबा नव्हता. संघपाल यांनी तेवढ्यासाठी तिची पिशवी दोनदा पाहिली.

त्यानंतरच्या पहिल्याच लग्नाला जिनिंगच्या ओट्यावर टेबले लागली, गरम भांडी मांडली गेली, आणि फाटकावरची अट चुन्याने पुसली गेली. नवरीकडच्या बाईंनी नाराजीने विचारले की आम्ही तर पंगतीसाठीच ही जागा घेतली होती, तिचे काय झाले.

“बंद केली,” इंदूबाई म्हणाल्या, आणि प्लेटा मोजायला निघून गेल्या.