कुलूपबाई

"कुलूप काढा म्हणून तुम्ही सकाळपासून सांगताय साहेब, आणि मी सकाळपासून नाही म्हणतेय. आणखी सांगितलंत तरी माझं तोंड दुखणार नाही."

साहेब दारात उभे होते. बाई खुर्चीतून हलली नाही.

हे कुलूप लोखंडाचं नव्हतं. घरोघरी जाऊन आजारी माणसं बघणाऱ्या नर्सबायांचे सगळे फोन एका सर्व्हरवरून सांभाळले जायचे. कुठल्या फोनात काय असावं, हरवला तर तो बंद कसा करावा, सगळं तिथून. आता त्या यंत्रणेची नवी आवृत्ती चढवायची होती आणि तिला खालचं एक पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचा एक तुकडा, तोही नवा लागत होता. फोन आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणारं ते पॅकेज बाईनं जुन्या व्हर्जनवर अडकवून ठेवलेलं. हेच ते कुलूप: बाकी काहीही पुढं सरको, हे जागचं हलायचं नाही. म्हणून ऑफिसात तिला कुलूपबाई म्हणायचे. ती वर सांगायची, "किल्ली पण माझ्याकडं आहे, तेवढं ध्यानात ठेवा."

मागल्या साहेबांनी एका दमात सगळं नवं केलं होतं. सर्व्हर नव्या तऱ्हेनं बोलायला लागला, आणि जुनं ॲप असलेल्या फोनांना त्यातलं अक्षर कळेना. चालू असताना सर्व्हरशी बोलणं तुटलं की चोराच्या हाती लागलो या धास्तीनं फोन आठवडाभरात स्वतःलाच बंद करून घेतो. एक नर्स म्हाताऱ्याच्या उशाशी सुई धरून बसली आणि डोस किती ते बंद फोनात. म्हाताऱ्याच्या घरच्या फोनवरून तिनं बाईला ज्या शिव्या हासडल्या, त्या बाईला अजून पाठ आहेत. तेव्हापासून बाईची मान जी ताठ झाली ती झालीच. नवरा वेल्डर. तो लोकांना सांगतो, "मलाही हिनं महिनाभर तपासून घेतलं, मग होकार दिला. आणि अजून पक्का केलेला नाही."

"चाचणी झाली ना?" साहेब म्हणाले. "टेबलावरचे सगळे फोन चालले."

"टेबलावरचे चालणारच. माझ्या नाकासमोर चार्जिंगला पडलेले असतात. ज्यांना नवं ॲप पोचलंच नाही, त्यांचं बोला."

"किती उरलेत असे?"

"मूठभर."

"मूठभरांसाठी सगळं अडवायचं? जुन्या पॅकेजला भोक आहे, बाई. उद्या कुणी आत शिरलं तर उत्तर मला द्यायचंय."

साहेबांचं खोटं नव्हतं. बाईलाही ते ठाऊक होतं. "आहे की भोक. मी बोळा कोंबलाय, आपल्या फोनांशिवाय कुणाला आत घेत नाही. बोळा जन्मभर पुरत नाही, तेही कळतं मला. पण आधी उरलेल्यांना नवं ॲप, मग कुलूप. हा क्रम मी मोडणार नाही."

"मग मी काढतो."

"काढा की. पासवर्ड तुमच्याकडं पण आहे." बाई उठली आणि तिनं खुर्ची साहेबांसाठी मागं ओढली. "काढणाऱ्याचं नाव तिथं नोंदलं जातं, तेवढं बघा. आणि फोन बंद पडलेल्या नर्सबाईला ते नाव मीच सांगीन. नंबरासकट."

साहेब बसले. कुलूप काढायचा हुकूम टाइप केला. संगणकानं विचारलं, हो की नाही. साहेबांचं बोट 'हो'वर गेलं, तिथून परत आलं, आणि त्यांनी 'नाही' दाबलं. मग ते उठले.

"उद्यापासून तुम्ही तक्रारींच्या फोनवर बसा. इथं तुमची गरज नाही."

"बसते. पण बदलीच्या भीतीनं मी कुलूप काढीन असं वाटलं असेल, तर चुकलात."

तक्रारींचं टेबल बोळकांडीत, पाण्याच्या फिल्टरशेजारी. खुर्चीचा एक पाय आखूड. दुसऱ्या दिवशी बाई पुठ्ठ्याची घडी घेऊनच आली. ती पायाखाली सारली, बूड टेकवलं, आणि तक्रार येण्याची वाट न बघता नवं ॲप न पोचलेल्यांतल्या पहिल्या नर्सचा नंबर स्वतःच फिरवला.

"ताई, तो फोन मी बंद करून कपाटात ठेवलाय," पलीकडून नर्स म्हणाली. "मी बाळंतपणाच्या रजेवर आहे ना."

"बाळ कसंय?"

"रडतंय."

"रडू दे जरा. आधी फोन चार्जिंगला लाव, चालू कर, वायफायला जोड. ॲप स्वतःच खाली उतरेल."

"आत्ताच? अहो, हात रिकामा नाही."

"सासूकडं दे बाळ. नातवाला घ्यायला नाही म्हणणार आहे का ती? मी लाइन धरून आहे."

पलीकडं बाळाचा आवाज लांब गेला. साहेब फिल्टरवर पाणी प्यायला आले, ऐकलं, आणि ग्लास भरून गेले. सर्व्हरवरच्या कुलपाला अजून कुणी हात लावला नव्हता.

"आलं, ताई. नवं ॲप दिसतंय."

"उघडून बघ. उघडलं? झालं तर मग, घे बाळ." बाईनं फोन ठेवला आणि पुढच्या नर्सचा नंबर फिरवला.