आईच्या पलंगाखालच्या चपला

मैत्रिणींनो, आज दुपारी झाडताना आईच्या पलंगाखाली चपलांचे चार जोड सापडले. त्यातला एकही तिचा नव्हता.

आई रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जाते. दाराशी चपलांचा ढीग असतो, आणि येताना ती हाताला लागेल तो जोड घालून येते. हल्ली फार विसरते. म्हणूनच मी तिच्या चपलांच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला होता.

पिशवी भरून चपला परत करायला निघाले, तर शेजारच्या काकू हसल्या. "राहू दे गं. आमी बी तिच्या घालून येतो. हिशोब बराबर!"

मलाही हसू आलं. घरी येऊन विचारलं, "आई, लाल दोऱ्याच्या चपला कुठंयत?"

"मला काय ठावं, बाई? दोरा माझी लेक बांधती. ती आली की तिलाच विचारा."

मी तिच्यासमोरच उभी होते.

संध्याकाळी तिनं पिशवीतला कुणाचा तरी जोड पायात घातला. विहारात तिचा चेहरा खुलतो, वंदनेतला एक शब्द अजून चुकत नाही. तिला कशी अडवू?

मी खाली बसले आणि त्या परक्या चपलांना लाल दोरा बांधला. तुम्ही काय केलं असतं?