अकराची घोषणा

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंचे घर स्थानकामागच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होते. नवरा परगावी नोकरीला. दिवसाचे आठ तास बाई माइकसमोर आणि सासरे घरी एकटे. मधुमेहाची गोळी अकराला, जेवणाआधी घ्यायची, आणि मामंजी ती हटकून विसरायचे. फोन उचलत नसत. "उचलला की कोणीतरी काहीतरी गळ्यात मारतो," हे त्यांचे ठाम मत.

आयुष्य बस चालवण्यात गेलेल्या या माणसाचा कान स्थानकाच्या भोंग्याकडे मात्र असे. म्हणून दोघांनी ठरवून टाकले. अकराच्या गाडीआधी बाई "प्रवाशांनी नोंद घ्यावी" असे दोनदा म्हणत. त्यातले एक मामंजींसाठी. गोळी घेतली की ते गॅलरीत टॉवेल वाळत टाकत आणि तो बाईंना खिडकीतून दिसे. दोन वर्षे हा कारभार बिनबोभाट चालला.

एका मंगळवारी टॉवेल दिसेना. बाईंनी तिसऱ्यांदा नोंद घ्यायला सांगितले, मग चौथ्यांदा. मग पाचव्यांदा. स्थानकप्रमुख साहेब धावत आले.

"बाई, कसली नोंद? खाली लोक पेनं काढून उभे आहेत!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. बटण दाबून त्या म्हणाल्या, "मामंजी, गोळी घ्या."

सारे स्थानक वर पाहू लागले. गॅलरीचे दार उघडले. त्या दिवशी उशिरा आंघोळीला बसलेले मामंजी तोच टॉवेल गुंडाळून, निथळत बाहेर आले. "घेतो गं! साऱ्या दुनियेला कशाला सांगतेस?"

साहेब हसले नाहीत. आठवडाभरात घोषणा ध्वनिमुद्रित झाल्या आणि बाईंची बदली तिकीट खिडकीवर झाली. तिथून घर दिसत नसे. त्यांनी अकराला अर्धा तास मागितला.

"नियमात बसत नाही."

"चहाच्या दोन सुट्ट्या बसतात ना?"

"त्या बसतात."

"मी चहा पीत नाही. दोन्ही जोडून द्या."

साहेबांनी नियमावली दोनदा चाळली. जोडू नये, असे त्यात कुठेच नव्हते.

पहिल्या दिवशी बाई घरी गेल्या, समोर उभ्या राहून गोळी दिली आणि परतल्या. खिडकीवरच्या 'चहाची सुट्टी' या पाटीसमोर रांग दारापर्यंत गेली होती.

"चहा फार गरम होता वाटतं?" पहिला प्रवासी म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "कुठे जायचंय?"