इस्त्री केलेली नोट

काकाचा हात फार लवकर सुटायचा. बुडालेल्या गावबँकांच्या जुन्या नोटा तो जमवायचा, पारखायचा, पण नोटेपुढे माणसाची त्याला काडीची किंमत नव्हती. एका गिऱ्हाइकाने बोटाला थुंकी लावून नोटा चाळल्या, तर काकाने ते बोट कट्कन आवाज येईपर्यंत मागे वाकवलं. एका दलालाने बनावट नोट गळ्यात मारू पाहिली, त्याचे दोन दात पडले. जिन्यावर काकाचा खोकला ऐकू आला की मी पलंगाखाली.

बाबा त्याचा धाकटा भाऊ, दादाच्या शब्दाबाहेर नसायचे. काकाकडे एकच भारी नोट होती. तिच्यावर बँकेच्या व्यवस्थापकाने शाईने हाताने केलेली सही होती. ती विकून काका स्वतःचं दुकान घेणार होता. "घडी पडली की किंमत पडली," असं तो बाबांना दहादा सांगायचा, आणि या नोटेला नेमकी मधोमध घडी होती.

काका गिऱ्हाईक आणायला गेला तेव्हा बाबांनी नोटेवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. भावाचं भलं करायला निघाले माझे भोळे बाबा. घडी गेली, पण सहीचा निळा डाग झाला.

काकाने नोट पाहिली. तीच तापलेली इस्त्री उचलून त्याने बाबांच्या डाव्या कानावर हाणली, दोनदा. बाबांचा तो कान ऐकण्यातून कायमचा गेला. काकाचं दुकानही गेलं, बरं झालं.

अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. मग एक दिवस काका आला, पार वाळलेला. त्याने टेबलावर ती नोट ठेवली, आमची इस्त्री प्लगला लावली आणि बाबांशेजारी गाल पुढे करून बसला.

"हाण," म्हणाला.

खरं सांगते, हाणावी असंच मला वाटत होतं. बाबांनी तापलेली इस्त्री त्याच्या गालाजवळ नेली, इतकी की दाढीचे खुंट करपले. मग त्यांनी प्लग ओढला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"पाण्याने सही जाते, एवढं सांगायला तुझं काय जात होतं, दादा?"

काकाने मान खाली घालून बरंच काही सांगितलं. रडला. पण तो बाबांच्या डाव्या बाजूला बसला होता.