रद्द कायद्याची हजेरी

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे येतो तो एक निळा अंगठा.

साठच्या दशकातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातलं एक लहान ठाणं आणि मी तिथला नवा फौजदार, मिशीला रोज तूप लावणारा. एका दिवेलागणीला शेतातून बैलजोडी चोरीला गेली. सकाळी खबऱ्या दारात हजर.

"साहेब, बेड्यावरच्या म्हाताऱ्याले उचला. त्यायची जातच तशी."

बेडा म्हणजे अशाच एका जमातीची गावाबाहेरची वस्ती. जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा आणि त्यांना रोज पोलीस पाटलाकडे हजेरीचा अंगठा द्यायला लावणारा इंग्रजांचा कायदा रद्द होऊन बरीच वर्षं झाली होती. नवा सराईत गुन्हेगारांचा कायदा माणसाला झालेल्या शिक्षा बघतो, जन्म नाही. खात्याच्या परीक्षेत हेच उत्तर लिहून मी चांगले गुण मिळवले होते. तरी म्हाताऱ्याला उचललंच. आधी बेड्यावर जायचं आणि मग चोरी कुठं झाली ते बघायचं, ही ठाण्याची जुनी रीत.

दोन थपडा मीच मारल्या. मग विचारलं, "काल दिवेलागणीला कुठं होतास?"

"हजेरीले गेलतो, साहेब."

हवालदार हसला. "कायची हजेरी बे? तो कायदा कवाच मेला."

"मेला? मले कोनं सांगतलंच नाही."

शिपाई पाठवून त्याच्या गावच्या पोलीस पाटलांना वहीसकट बोलावलं. पाटील थंडपणे म्हणाले, "बंद करा म्हणून कागद आला नाही, साहेब. मंग कायले बंद करू?" वहीच्या पानापानावर म्हाताऱ्याचा रोजचा निळा अंगठा होता. कालच्या तारखेचाही, तोही पाटलांच्या देखत उठवलेला. आणि चोरीचं शेत तिथून चार कोस.

मग इतक्या घाईनं म्हाताऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या खबऱ्याकडे मी मोर्चा वळवला. बैल त्याच्याच साडूच्या गोठ्यात निवांत कडबा खात होते.

म्हाताऱ्याला सोडताना मी नाटकातल्या राजासारखा हात उंचावला. "जा बाबा. उद्यापासून हजेरी बंद. तू मोकळा."

तो हलला नाही. गालावर माझी बोटं अजून दिसत होती.

"मंग साहेब, उद्या कोनाची बकरी गेली, तर मी कुठं होतो हे कोन सांगन?"

 

पुढे नोकरीत बरेच कायदे बदललेले पाहिले. दर वेळी कपाटातली पुस्तकं नवी आली. पहिल्यांदा कुणाला उचलायचं, ते मात्र हवालदाराला पाठ होतं. मलाही होतं.

त्या दिवशी वही बंद करण्याचा हुकूम मी लिहिला. म्हातारा दारातच उभा होता. सही मी केली, पण ती काही त्याच्या अंगठ्याइतकी निर्धास्त उठली नाही.