भरवशाची बंदूक

"उजव्या अंगाले धरा मालक, चार बोटं. हे डाव्या अंगाले जाते."

बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती देताना तो हे न चुकता सांगायचा. फुगे फोडायचा खेळ मांडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या बंदुकीचा दोष आधी स्वतःच सांगणारा मी हा एकच पाहिला. आणि गंमत अशी, की त्याचं ऐकत कोणी नसे. सगळ्यांना वाटे, त्यातच काहीतरी डाव आहे.

मी तेव्हा संग्रामपूरकडच्या एका गावात ग्रामसेवक होतो. महाराष्ट्र नवा, नोकरी नवी, अंगावरची पँटही नवी. शाळेत कवायत केली होती, एवढ्या पुंजीवर मी स्वतःला नेमबाज समजत असे. भर बाजारात अगदी डावीकडच्या फुग्यावर सरळ नेम धरला आणि पाचही छर्रे मोकळ्या फळीत घातले. पाचांची भोकं एका सुपारीएवढ्या जागेत. फुगा मात्र शाबूत.

माझ्यामागून एका भाजीवाल्या म्हातारीनं त्याच्या सांगण्याप्रमाणे नेम धरून तीन फुगे फोडले.

"शिकेल मानसाले सांगनं लय जड जाते, नाई का वं आजी?" तो म्हणाला. बाजार हसला.

लाज वाटली की माझ्यासारखा माणूस नियम शोधतो. "ही लोकांची फसवणूक आहे," मी म्हणालो. "नळी सरळ करा, नाहीतर पुढच्या बाजारापासून जागा मिळणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. "साहेब, वाकडी हाय हे मीच सांगतो ना? तिले हात नोका लावू. वाकडी हाय, पन भरवशाची हाय."

मी त्याला स्वतः लोहाराकडे नेलं. लोहारानं ऐरणीवर ठोकून नळी सुतासारखी सरळ केली. मला फार समाधान वाटलं.

पुढच्या बाजारी त्यानं मांडणी केली, फळीवर फुगे लावले आणि गिऱ्हाइकाआधी स्वतःच बंदूक उचलली. एक छर्रा फळीच्या वरून गेला, दुसरा मातीत, तिसरा शेजारच्या कुंभाराच्या माठात. नळी बाहेरून सरळ झाली होती, आतून चेपली होती.

"आता लोकायले कुठं धरा म्हनू?" त्यानं मला विचारलं. आवाजात राग नव्हता. "पयले एकाच जागी चुकत होती. आता कुठंबी चुकते."

"दुसरी घ्या."

"बापाची हाय, साहेब. तिचा सभाव समजाले मले दोन वर्सं लागले."

"मग चालवा अशीच. लोकांना काय कळतंय?"

हे मीच बोललो. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मंग फसवनूक होईन ना, साहेब," तो सरळपणे म्हणाला.

त्यानं बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळली. फळीवरचे फुगे एकेक करून सोडले आणि भोवतीच्या पोरांना वाटून टाकले. शेवटचा लाल फुगा माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमचे पाच वाया गेलते."

तो पुन्हा आमच्या बाजारात आला नाही. मी मात्र त्या दिवशी तो फुगा दोन्ही हातांत धरून, भर बाजारातून, चावडीपर्यंत चालत गेलो. कोणीही हसलं नाही.